तात्यांचा डावा ब्रेक

"मास्तर, शिकणारा कुठं हाय?"

हवालदारानं खिडकीतून आत वाकून मागची सीटसुद्धा पाहिली. गाडीत मी एकटाच होतो. गाडीला पुढं लाल अक्षरातला L, मागं लाल अक्षरातला L, टपावर माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. आणि रस्त्याकडेच्या पोलिसांच्या गाडीतल्या स्पीडगनवर माझा वेग एकशे दहा.

"शिकणारा पुढं गेलाय," मी म्हणालो. "त्यालाच गाठायला निघालोय."

हवालदार हसला. एवढं मोकळं हसल्यावर माणूस सोडून देतो, असा माझा आजवरचा अनुभव. पण यानं हसत हसतच मशीनवर गाडीचा नंबर टाकला.

"L लावून एकशे दा! साहेबांस्नी दावतो. शिकाऊ गाडी हाय का उडतं इमान, मास्तर?"

आता खरं काय ते सांगतो. इंदापूरहून बारामतीला निघालो होतो. बारामतीत माझ्या एका विद्यार्थ्याची लायसनची टेस्ट होती, मला उशीर झाला होता, आणि रस्ता असा गुळगुळीत की त्यावर गाडी पळवावी लागत नाही, ती आपोआप घसरते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत जेवढी माणसं स्टिअरिंगला हात लावतात, त्यातली निम्मी माझ्या हाताखालून गेली आहेत. उरलेली निम्मी त्यांचं बघून शिकली. अशा माणसाला चलन म्हणजे वस्तादाला आखाड्याबाहेर काढण्यासारखं. पण स्पीडगनला वस्ताद कळत नाही.

दंडावर भागलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो. काही दिवसांनी लायसन निलंबित झाल्याची नोटीस आली. खाली लिहिलं होतं की मुदत संपल्यावर रिफ्रेशर कोर्स करा, मगच लायसन परत मिळेल. रिफ्रेशर कोर्स म्हणजे चुकलेल्या ड्रायव्हरांची शाळा. ज्यांना गाडी येते असं सरकार एकदा म्हणालेलं असतं, त्यांना तेच सरकार पुन्हा बाकावर बसवतं.

बारामतीतल्या त्या हॉलमध्ये मी शिरलो, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तुमी शिकवायला काय?"

मी जाऊन बाकावर बसलो. मग मात्र हॉलमध्ये असा काही हशा झाला की बाहेर झाडावरच्या साळुंक्या उडाल्या त्या थेट पणदरे गावात उतरल्या असतील.

शिकवायला एक मॅडम होत्या. वाहन निरीक्षक. वय माझ्या लेकीएवढं, आवाज त्याहून लहान. माझा आवाज कसा, तर मी भवानीनगरात हाक मारली की आजूबाजूच्या चार गावच्या म्हशी पान्हा चोरतात. पण त्या बारीक आवाजात बोलायला लागल्या आणि तीस-चाळीस माणसांचा हॉल गप्प झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यांनी एकेकाला उभं करून गुन्हा विचारला. मोबाईल, ट्रिपल सीट, उलट्या बाजूनं गाडी. माझ्या शेजारी भवानीनगरकडचे सोपानतात्या बसले होते. उसाचे बागायतदार. अंगानं दणकट, मिशी पांढरी, आणि पाय एवढे रुंद की चपला बहुतेक फावड्याच्या मापानं शिवून घेत असावेत. त्यांनी उभं राहून सांगितलं, "उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर न्हाई, आन टेप मोठ्यानं. पोलिसांची शिट्टीच आयकू आली न्हाय, मॅडम. गाणं चांगलं हुतं."

मग मी उठलो. "ओव्हरस्पीड," एवढंच म्हणालो.

मॅडमनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. "गाडी कुठली होती?"

"स्कूलची."

"L लावलेली?"

"व्हय."

या वेळी कुणी हसलं नाही, कारण मॅडम हसल्या नव्हत्या. दुपारच्या सुटीत त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"मास्तर, बाकीच्यांचं लायसन जातं तेव्हा एक ड्रायव्हर कमी होतो. तुमची गोष्ट वेगळी आहे. इन्स्ट्रक्टरच नियम पाळत नाही असा शेरा मी वर पाठवला, तर तुमच्या स्कूलचं नूतनीकरण होणार नाही. पाठवायचा की नाही ते प्रॅक्टिकल बघून ठरवीन."

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे माझं सगळं काही. दोन गाड्या, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या चिन्हांचा तक्ता आणि मी. शेती भावांनी वाटून घेतली तेव्हा मी एक गाडी मागितली होती. तेवढ्यावर दोन पोरी शिकवल्या. या वयात मला दुसरं काही येत नाही. आणि खरं तर गाडी नीट चालवायलाही मी कधीचा विसरलो होतो. मला येतं ते डाव्या सीटवर बसणं.

हे जरा समजावून सांगतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटपुढंही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा उजवीकडं बसून काय वाटेल तो गोंधळ घालू दे, मास्तरचा पाय तयार असतो. समोर म्हैस आली, शिकणारा आईचं नाव घेतो आणि मी ब्रेक घेतो. माझा उजवा पाय त्या ब्रेकवर इतकी वर्षं बसलाय की झोपेतसुद्धा बायकोला वाटतं मी कुणाला तरी लाथ मारतोय.

प्रॅक्टिकल कालव्याकडेच्या मुरमाच्या मोकळ्या जागेत होतं. आवर्तन सुटलं होतं. म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं होतं आणि कालवा काठोकाठ भरून चालला होता. पाणी वरून शांत दिसत होतं. अशा पाण्यात पडलेली गाडी लगेच सापडत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. जागा कालव्याकडं जराशी उतरती. मॅडमनी तिथून बऱ्याच अलीकडं एक पिंप उभं केलं होतं. सरळ जायचं, पिंपाला वळसा घालायचा, परत यायचं. एवढंच.

"दोघादोघांची जोडी," मॅडम म्हणाल्या. "एकानं चालवायची, दुसऱ्यानं डावीकडं बसून त्याच्या चुका सांगायच्या. फक्त बोलायचं. स्टिअरिंग, गिअर, हँडब्रेक, कशालाही हात लावला तर दोघंही नापास."

माझी जोडी तात्यांशी लागली. पहिल्यांदा तात्या चालवणार.

गाडीत बसलो. पट्टा लावला. तात्यांनी कपाळाला हात लावून स्टिअरिंगला नमस्कार केला.

"तात्या, कार चालवता ना नेहमी?"

"कार पोरगा चालिवतो. लायसन काढलं तवा चालिवली हुती की मी. आन टॅक्टर काय, रोजचाच हाय."

"मग काय, हत्ती हाकणाऱ्याला शेळीचं काय," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं.

गाडी सुटली. पहिला गिअर, दुसरा गिअर. तात्या ताठ बसलेले. ट्रॅक्टरवर बसतात तसेच, पाठ न टेकता. पिंप जवळ आलं. मी खणखणीत आवाजात सांगितलं, "तात्या, हळू. वेग कमी करा."

तात्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि खालच्या दांडीवर गेला. त्यांनी ती दांडी ओढली. इंडिकेटर लागला. टिक, टिक, टिक.

वेग काही कमी झाला नाही.

ट्रॅक्टरला स्टिअरिंगजवळ हाताचा रेस असतो. एक दांडी. ती ढकलली की इंजिनाचा जोर वाढतो, ओढली की कमी होतो. शेतात पाय मोकळा ठेवून माणूस हातानंच वेग ठरवतो. तात्यांचा हात तिथं गेला होता. पण हे सगळं मी आत्ता लिहिताना तुम्हाला सांगतोय. तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच आलं की तात्यांनी इंडिकेटर का लावला.

पिंपाला न वळता गाडी पुढं गेली. पिंप माझ्या काचेला घासून मागं पडलं. पुढं नुसता उतार आणि पाणी.

"ब्रेक!" मी ओरडलो.

तात्यांनी पाय दाबला. गाडी गुरगुरली आणि आणखी पळाली.

माझा पाय केव्हाच माझ्या ब्रेकवर गेला होता. पण तिथं ब्रेक नव्हता. ही गाडी साधी होती. इथं येणारे सगळे लायसनवाले, त्यांना कशाला दोन ब्रेक? माझा बूट रबरी मॅटवर आपटला. पुन्हा आपटला. मी मॅट इतकी दाबली की ती फाटून खालचा रस्ता लागला असता तर गाडी मी पायानं थांबवली असती.

"ब्रेक, तात्या, ब्रेक!"

"दाबलाय की! दोनी दाबल्यात!"

आणि इंजिन आणखी मोठ्यानं ओरडलं.

मग मी हँडब्रेक ओढला. नियम गेला तेल लावत. मागची चाकं मुरमावर घासली, धूळ उडाली, गाडी हिसकली. पण थांबली नाही. रेसवर पाय असताना हँडब्रेक ओढणं म्हणजे पळत्या रेड्याची शेपटी धरणं. समोर कालव्याची कड आली, कडेचं गवत दिसायला लागलं, गवतापलीकडं पाणी चाललेलं दिसायला लागलं. इंडिकेटर टिक टिक करतच होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, कालव्यात वळण्याआधी तात्या रीतसर इशारा देताहेत.

"दोनी दाबल्यात." हे शब्द माझ्या कानात अडकले.

मी खाली पाहिलं. तात्यांची रुंद चप्पल आडवी पसरून दोन पेडलांवर बसली होती. ब्रेकवर अंगठा, आणि उरलेला अख्खा पाय रेसवर.

ट्रॅक्टरला दोन ब्रेक असतात. डाव्या चाकाचा वेगळा, उजव्या चाकाचा वेगळा, आणि दोन्ही पेडलं उजव्या पायाजवळ एकमेकांना चिकटून. रस्त्यावर ती खिटीनं जोडायची आणि एका पायानं दोन्ही दाबायची, नाहीतर एकच चाक थांबून ट्रॅक्टर उलटतो. तात्या आयुष्यभर जे करत आले तेच करत होते. चांगल्या ट्रॅक्टरवाल्यानं करायचं तेच. मी जितका 'ब्रेक' म्हणून ओरडत होतो, तितका तो प्रामाणिक माणूस दोन्ही पेडलं जोर लावून दाबत होता. मीच गाडी कालव्याकडं हाकत होतो.

'रेस सोडा' म्हणावं, तर त्यांचा रेस हातात. 'पाय उचला' म्हणावं, तर ते ब्रेक सोडतील कसे? कड समोर आलेली. मी छाती फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "तात्या, बांध आला! डावा ब्रेक! नुसता डावा!"

नांगरताना तास, म्हणजे नांगराची रेघ, संपतं आणि बांध येतो तेव्हा ट्रॅक्टर जागेवर वळवायचा असतो. त्यासाठी खिटी काढून ठेवतात. एकच ब्रेक दाबला की त्या बाजूचं चाक थांबतं आणि ट्रॅक्टर भोवऱ्यासारखा फिरतो. डावीकडं वळायचं तर नुसता डावा.

तात्यांनी विचार केला नाही. विचार केला असता तर आज मी नसतो. त्यांचा पाय उचलला गेला, डावीकडं सरकला आणि त्या दोन्हींतल्या एकट्या डाव्या पेडलवर दाणकन पडला. कारमध्ये ते पेडल म्हणजे खरा ब्रेक. त्याच दमात दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग डावीकडं मारलं, बांधाला मारतात तसं.

गाडी गर्रकन फिरली. माझं डोकं तात्यांच्या खांद्यावर आपटलं. मुरूम पत्र्यावर तडतडला. इंजिन बंद पडलं.

काही क्षण नुसती धूळ. मग ती खाली बसली. गाडीचं तोंड आलो त्या दिशेला होतं. माझ्या बाजूच्या खिडकीतून मोकळी जागा दिसत होती. मागच्या काचेतून फक्त पाणी दिसत होतं, आणि ते इतकं जवळ की त्याचा आवाज येत होता.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"मास्तर, नांगर उचलायचा राहिला बगा."

मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही एकदम केलं.

मॅडम पळत आल्या. मागं सगळी बॅच. त्यांनी आधी आम्हा दोघांना बाहेर काढलं, हातपाय हलवायला लावले, पाणी दिलं. मग गाडीमागं जाऊन उभ्या राहिल्या. मागचं चाक आणि कालव्याची कड यांच्यामध्ये एक माणूस कसाबसा आडवा झोपला असता. बारीक माणूस. तात्या नाही.

"हँडब्रेकला हात लावला?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी तात्याच बोलले, "न्हाय ओ मॅडम! मास्तरांचे दोनी हात डोक्याव हुते. देवाचं नाव घेत हुते."

मॅडमनी मुरमाकडं बोट दाखवलं. मागच्या दोन चाकांच्या घासलेल्या खुणा बऱ्याच मागून सुरू झाल्या होत्या. पुढच्या चाकांच्या नव्हत्या. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. त्यांना कुणी खोटं सांगून भागणार नव्हतं.

"हात लावला नाही, मॅडम," मी म्हणालो. "चांगला ओढला."

"नापास. दोघंही."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. स्कूलची पाटी कुणीतरी टपावरून उतरवतंय असं मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

"आणि ते काय ओरडलात तुम्ही? तिकडं आम्हाला ऐकू आलं. डावा ब्रेक. कारमध्ये डावा ब्रेक कुठं असतो?"

मी सांगितलं. हाताचा रेस, दोन पेडलं, खिटी, बांध. सांगता सांगता मुरमावर बसून तात्यांच्या चपलांनी पेडलं मांडून दाखवली. तात्या मधूनमधून म्हणत होते, "आसंच आसतंय, मॅडम. आमी दोनीच दाबतो."

मॅडमनी त्या चपलांकडं पाहिलं. मग बॅचकडं वळल्या. "ट्रॅक्टर चालवणारे किती जण आहेत?"

निम्म्याहून जास्त हात वर झाले.

"त्यातले कार रोज चालवणारे?"

बरेच हात खाली आले.

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग तेव्हा उतरला. गाडी कालव्याकडं चालली होती तेव्हा उतरला नसेल एवढा. त्यांनी त्या दिवसाचं प्रॅक्टिकल तिथंच थांबवलं.

निघताना मी त्यांना गाठलं. "मॅडम, माझ्या स्कूलचं..."

"शेरा पाठवत नाही."

"मग नापास कशाला? जीव वाचवला की."

"नियम सांगितला होता, मास्तर. तुम्हाला पास केलं तर तात्यांनाही करावं लागेल. त्यांना आज रस्त्यावर सोडू?"

मी मान डोलावली. दोन तालुक्यांत असा प्रसंग पहिल्यांदाच आला.

पुढच्या बॅचला आम्ही दोघं पुन्हा त्याच बाकावर होतो. मधल्या काळात माझ्या दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि एकीच्या टपावर चिमण्यांनी संसार थाटला. मॅडमनी या वेळी आधी ट्रॅक्टरवाल्यांना बाजूला काढलं आणि मला पुढं बोलावलं. "मास्तर, सांगा यांना." मी सांगितलं. प्रॅक्टिकलची जागाही त्यांनी बदलली होती. गावाकडच्या बाजूला, कालव्यापासून लांब.

तात्यांनी गाडीत बसण्याआधी चपला बाहेर काढून ठेवल्या, देवळात शिरताना ठेवतात तशा. नुसत्या अंगठ्यानं ब्रेक दाबत, पिंपाला असा सुबक वळसा घातला की मी डावीकडं हाताची घडी घालून बसलो. पाय मात्र मॅटवर दाबलेलाच होता. दोघंही पास झालो.

आता माझ्याकडं कुणी शिकायला आलं की मी पट्टा लावण्याआधी विचारतो, "याआधी काय चालवत होतास?" ट्रॅक्टर म्हणाला तर पहिला धडा गाडी बंद ठेवूनच होतो. बुलेट म्हणाला, तरी त्याचे पाय बघतो. काहीच चालवलं नाही म्हणणारा आला की मला हायसं वाटतं.

ब्रेक म्हणून ओरडणं सोपं असतं. ज्याच्यावर ओरडतोय त्याचा ब्रेक कुठं आहे, ते आधी विचारून घ्यावं.